अपकृत्यविचार : एका उसन्या पोथीच्या निमित्तानें

कांहीं वर्षांपूर्वीं एका सद्गृहस्थांच्या संग्रहांतील मिताक्षरेच्या व्यवहाराध्यायाची पोथी पाठभेद पाहण्यासाठीं मीं घरीं आणली होती. पोथी पूर्ण होती, अक्षर सुवाच्य होतें, आणि समासांत कोणा जुन्या अभ्यासकानें बारीक टिपणें केलेलीं होतीं. ती मीं माझ्या स्वतःच्या पोथ्यांच्या कपाटांत ठेविली. हें कपाट ज्या भिंतीला लागून होतें त्या भिंतीस पावसाळ्यांत ओल येते, हें मला ठाऊक होतें. श्रावणांत कपाट उघडलें तों वाळवीनें माझ्या दोन पोथ्या आणि त्या पाहुण्या पोथीचीं अकरा पानें खाऊन टाकिलेलीं आढळलीं.

मालक थोर मनाचे. त्यांनीं एका शब्दानेंही दुखविलें नाहीं. त्यांचे पुतणे मात्र म्हणाले कीं, ही पोलिसांत फिर्याद देण्यासारखी गोष्ट आहे. उलट माझ्या एका स्नेह्यांनीं मला धीर दिला कीं, तुमच्याही पोथ्या गेल्या, तेव्हां तुमच्याकडे दोष येतच नाहीं. पुढें विचार करतां दोघांचेंही म्हणणें चुकीचें आहे असें मला आढळून आलें. तें कां, हें सांगण्यासाठीं ज्या विषयांत शिरावें लागलें तो विषय आपल्या जुन्या निवाड्यांचे कागद वाचणारांसही उपयोगीं पडेल, म्हणून येथें मांडीत आहें.

मनुष्याच्या हातून दुसऱ्याचें जें वाईट होतें त्याचे कायद्याच्या दृष्टीनें तीन प्रकार पडतात. पहिला गुन्हा, त्यांत सरकार फिर्यादी होतें आणि शेवट शिक्षेंत होतो. दुसरा करारभंग, दोघांनीं आपखुषीनें लावून घेतलेलें बंधन एकानें तोडणें. तिसऱ्या प्रकारांत करार नसतो, पुष्कळदां गुन्हाही नसतो; पण समाजांत राहणाऱ्या प्रत्येकावर कायद्यानेंच घातलेलें एक कर्तव्य मोडलेलें असतें, आणि त्याचा परिहार म्हणून ज्याचें नुकसान झालें त्याला पैसे मिळतात. या तिसऱ्या प्रकारास इंग्रज लोक ‘टॉर्ट’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पिळलेलें, वांकडें असा आहे. मराठींत ‘अपकृत्य’ हा शब्द आतां रूढ झाला असून तो चांगला आहे. एकच कृत्य एकाच वेळीं गुन्हाही असूं शकतें आणि अपकृत्यही. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला व तेथील ग्रंथांची नासधूस झाली, तें आपल्या वाचकांस आठवत असेलच. तसल्या कृत्यांत दंगा हा सरकारच्या विरुद्धचा गुन्हा, आणि परक्याच्या जागेंत शिरून परक्याच्या वस्तूंची मोडतोड करणें हें मालकाच्या विरुद्धचें अपकृत्य. एकाचा निकाल लागल्यानें दुसरें आपोआप मिटत नाहीं.

आपल्या स्मृतींत अठरा व्यवहारपदें सांगितलीं आहेत, त्यांत या नांवाचें एकही पद नाहीं. यावरून कित्येक युरोपीय लेखकांनीं असा तर्क केला कीं, हिंदु धर्मशास्त्रास गुन्हा व अपकृत्य यांतील भेद माहीतच नव्हता. हा तर्क मला पटत नाहीं. पदाचें नांव पाहूं नये, पैसा कोणाच्या हातीं जातो तें पाहावें. मनूच्या आठव्या अध्यायांतील २८७ व्या श्लोकांत अंगास दुखापत करणाऱ्यानें जखमी मनुष्यास बरें होण्याचा खर्च, म्हणजे समुत्थानव्यय, द्यावा असें आहे. पुढच्याच श्लोकांत दुसऱ्याच्या वस्तूंचा जाणून वा नकळत नाश करणाऱ्यानें मालकाचें समाधान करावें आणि नुकसानीइतकीच रक्कम राजासही द्यावी असें सांगितलें आहे. देणें एकाच कृत्याबद्दल, पण दोन ठिकाणीं: मालकाला दिलेलें तें अपकृत्याचें, राजाला दिलेलें तें गुन्ह्याचें. भेद माहीत नसलेला मनुष्य अशी वांटणी करणार नाहीं. इतकेंच कीं स्मृतिकारांनीं दोन्ही गोष्टी एकाच सभेपुढें व एकाच वेळीं निकालांत काढल्या.

ही कसोटी मराठी कागदांस लावून पाहण्यासारखी आहे. महजर, निवाडपत्रें, जयपत्रें यांत हरकी आणि गुन्हेगारी हे दोन शब्द पदोपदीं येतात. वाद जिंकणाऱ्याकडून जें घेतलें जाई ती हरकी, व हरणाऱ्याकडून जें घेतलें जाई ती गुन्हेगारी. दोन्ही रकमा दिवाणांत जमा होत. ‘गुन्हेगारी’ या शब्दावरून प्रतिवादीनें आजच्या अर्थानें गुन्हा केला होता असें समजणें जितकें चुकीचें, तितकेंच ती रक्कम पाहून वादीस भरपाई मिळाली असें समजणेंही चुकीचें. वादीस काय मिळालें तें पाहावयाचें तर कागदाच्या त्या ओळी शोधाव्या लागतात जेथें वस्तु परत देवविली, पिकाचा ऐवज देवविला किंवा वतन चालतें केलें असें लिहिलेलें असतें. कागदांची सूची करणारांनीं या तिन्ही गोष्टी ‘दंड’ या एकाच सदराखालीं टाकूं नयेत, इतकीच माझी विनंति आहे.

आतां, ज्या कायद्यानें आज हिंदुस्थानांतील न्यायालयें अपकृत्यांचा निर्णय करतात तो लिहिला आहे कोठें? संग्राहकास हा प्रश्न स्वाभाविक आहे. आणि उत्तर असें कीं, बहुतांशीं कोठेंच नाहीं. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत १८२७ सालीं मुंबई इलाख्यासाठीं जे रेग्युलेशन झाले त्यांतील चवथ्याच्या २६ व्या कलमांत न्यायाधीशानें कोणता कायदा लावावा याचा क्रम दिला आहे: प्रथम पार्लमेंटचे व सरकारचे लिखित कायदे, ते नसल्यास देशाचा रिवाज, तोही नसल्यास प्रतिवादीचा कायदा, आणि कांहींच नसल्यास न्याय, समता व सदसद्विवेकबुद्धि. या शेवटच्या खिडकींतून इंग्रजी अपकृत्यांचा कायदा आंत आला. १८८७ सालीं मुंबई इलाख्यांतूनच गेलेल्या एका दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें स्पष्ट केलें कीं, या शब्दांचा अर्थ सामान्यतः इंग्रजी कायद्याचे नियम असाच घ्यावा, मात्र ते येथील समाजास व परिस्थितीस लागू पडण्यासारखे असावेत. त्याच सुमारास, १८८६ सालीं, सर फ्रेडरिक पोलॉक यांनीं हिंदुस्थान सरकारच्या सांगण्यावरून दिवाणी अपकृत्यांच्या कायद्याचा मसुदा तयार केला. तो कधींच मंजूर झाला नाहीं. पोलॉकसाहेबांच्या ग्रंथाच्या पुरवणींत छापलेला तेवढा पाहावयास मिळतो. इंडियन पीनल कोड आलें, कराराचा कायदा आला, पण अपकृत्यांचा कायदा निवाड्यांतच राहिला. जुन्या निवाड्यांतून नियम काढण्याची जी संवय आपल्या वाचकांस आहे, तीच येथें वकिलास लागते.

त्या निवाड्यांत पहिली गोष्ट शिकावयास मिळते ती ही कीं, नुकसान आणि अन्याय एक नव्हेत. १४१० सालचें ग्लॉस्टर येथील एक प्रकरण मला, जन्मभर शाळेंत घालविलेल्या मनुष्यास, विशेष गंमतीचें वाटतें. तेथील व्याकरणशाळेच्या शिक्षकांसमोर दुसऱ्या एका शिक्षकानें नवी शाळा काढली. जुन्या शाळेची फी ४० पेन्सांवरून १२ पेन्सांवर आणावी लागली. जुन्या शिक्षकांनीं दावा लावला आणि ते हरले. त्यांचें नुकसान खरेंच झालें होतें. पण आपल्याच गांवांत दुसऱ्या कोणीं शिकवूं नये असा हक्क त्यांना नव्हता, आणि हक्काला धक्का लागल्यावांचून अपकृत्य होत नाहीं. याच्या उलट टोंकाचा निवाडा १७०३ चा. अ‍ॅश्बी नांवाच्या मतदारास निवडणुकीच्या अधिकाऱ्यानें मत देऊं दिलें नाहीं. त्याला हवे होते ते उमेदवार निवडून आले, म्हणजे त्याचें एका पैचेंही नुकसान झालें नाहीं. तरीही तो शेवटीं जिंकला, कारण मत देण्याचा त्याचा हक्क हिरावला गेला होता. संग्राहकांच्या भांडणांत या दोन निवाड्यांची आठवण ठेवावी. माझ्याजवळच्या बखरीची दुसरी प्रत कोणीं आधीं छापली म्हणून माझ्या प्रतीचें महत्त्व कमी झालें, हें ग्लॉस्टरच्या शिक्षकांचें दुःख आहे. माझ्या दप्तरांतून मला न विचारतां कागद उचलून नेला व दुसरे दिवशीं जसाचा तसा आणून ठेविला, ही अ‍ॅश्बीची तक्रार आहे.

दुसरी गोष्ट हयगयीची. जाणूनबुजून केलेल्या अपायाचा निर्णय सोपा असतो. खरा गुंता न जाणतां झालेल्या अपायांत आहे. स्कॉटलंडांत पेस्ले येथें ऑगस्ट १९२८ मध्यें एका बाईनें मैत्रिणीनें विकत घेऊन दिलेलें आल्याचें पेय पिण्यास घेतलें. अपारदर्शक बाटलींतून कुजलेली गोगलगाय निघाल्याचें तिचें म्हणणें होतें. बाटली तिनें विकत घेतलेली नव्हती, म्हणून तिचा कोणाशींही करार नव्हता. १९३२ सालीं लॉर्ड सभेनें तीन विरुद्ध दोन मतांनीं ठरविलें कीं, पेय तयार करणाऱ्यावर तें पिणाऱ्याविषयींही काळजी घेण्याचें कर्तव्य आहे. आपल्या कृत्यानें ज्याला इजा होईल हें समंजस मनुष्याला आधीं दिसावें, तो कायद्याच्या दृष्टीनें आपला शेजारी, अशी लॉर्ड अ‍ॅटकिन यांची विचारसरणी होती. हयगयीच्या दाव्यांत तेव्हांपासून तीनच गोष्टी पाहतात: काळजी घेण्याचें कर्तव्य होतें काय, तें मोडलें काय, आणि त्या मोडण्यामुळेंच नुकसान झालें काय.

मनूचें यानप्रकरण (८.२९०–२९८) यासमोर ठेवून वाचलें म्हणजे फार मौज वाटते. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, दोर तुटला, अशा दहा प्रसंगीं गाडीनें कोणास इजा झाली तरी दंड नाहीं. त्या दहांत शेवटचा प्रसंग, हांकणारा ‘अपैहि’, म्हणजे बाजूस हो, असें ओरडत असतां झालेल्या अपघाताचा आहे. आजच्या मोटारीच्या कर्ण्याचा हा पूर्वज. पण हांकणाऱ्याच्या अकुशलतेमुळें गाडी वळली व हिंसा झाली तर मालकास २०० पणांचा दंड. हांकणारा कुशल असेल तर दंड त्याचा त्यानें भरावा. आणि तो अकुशल असल्यास गाडींत बसलेल्या प्रत्येकास शंभर शंभर. येथें एक सूक्ष्म भेद आहे. मनूच्या मतें मालक दोषी होतो तो अनाडी हांकणारा नेमला म्हणून. चांगला नेमला तर मालक सुटला. इंग्रजी कायदा मालकास असा सोडीत नाहीं. १८६२ साली लंडनमधील एका घोड्यांच्या बसच्या हांक्यानें दुसऱ्या कंपनीच्या बसला वाट अडविली व ती उलटली. कंपनीनें शर्यत लावूं नये, वाट अडवूं नये अशी छापील ताकीद सर्व हांक्यांस दिलेली होती. तरीही कंपनीवर निकाल झाला, कारण हांक्यानें केलें तें कंपनीचेंच काम करीत असतां केलें. मालक निर्दोष असूनही देतो. कां, तर नोकराच्या कामाचा नफा तो घेतो आणि नुकसान सोसण्याची ऐपतही त्याचीच. मनूनें दोषाचा विचार केला, इंग्रजांनीं भार कोणीं सोसावा याचा केला. कोणता न्याय अधिक चांगला याविषयीं मतभेद होईल; रस्त्यावर पाय मोडून पडलेल्या मनुष्यास दुसराच सोईचा, यांत शंका नाहीं. याज्ञवल्क्यांत याच ठिकाणीं आणखी एक नियम आहे तो सहसा कोणी दाखवीत नाहीं: दाढांच्या वा शिंगांच्या जनावरानें कोणास धरलें असतां, सोडविण्याची शक्ति असूनही मालकानें सोडविलें नाहीं तर त्याला प्रथमसाहस दंड, आणि तो मनुष्य ओरडत असतांही सोडविलें नाहीं तर दुप्पट. कांहीं न करणें हेंही अपकृत्य होऊं शकतें, याचें याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाहीं.

ज्याचें नुकसान झालें त्याचीच चूक असेल तर? गांवाभोंवतीं शंभर धनुष्यें गायरान ठेवावें, त्यांत कोणीं कुंपणावांचून पीक केलें व तें गुरांनीं खाल्लें तर गुराख्यास दंड नाहीं, असें मनु सांगतो. आणि कुंपण कसें असावें हेंही सांगतो: उंटाला वरून दिसूं नये इतकें उंच, आणि कुत्र्याडुकरांचें तोंड शिरेल अशीं सर्व छिद्रें बुजविलेलीं. इंग्रजी निवाड्यांत १८०९ सालच्या एका प्रकरणांत रस्त्यावर आडवा वासा ठेवणारा प्रतिवादी सुटला, कारण वादी घोडा भरधाव फेंकीत आला होता व संथ येता तर त्याला वासा दिसला असता. पुढें १९४५ च्या कायद्यानें इंग्लंडांत हा सर्वस्वीं हार-जितीचा प्रकार बंद झाला आणि दोष असेल त्या प्रमाणांत भरपाई कमी करण्याची रीत आली. भारतांतील न्यायालयेंही मोटार-अपघातांच्या दाव्यांत हेंच करतात.

दोष नसतांही जबाबदारी येते असे प्रसंग थोडे, पण मोठे आहेत. लँकेशायरमधील एका गिरणीवाल्यानें कुशल माणसांकडून तलाव बांधविला. तळाशीं जुन्या खाणींचीं बुजलेलीं विवरें होतीं, त्यांतून पाणी शेजाऱ्याच्या खाणींत शिरलें. निसटल्यास अपाय करील अशी वस्तु जो आपल्या जमिनींत आणतो त्यानें ती स्वतःच्या जोखमीवर ठेवावी, असें १८६८ सालीं लॉर्ड सभेनें ठरविलें, मात्र दैवी आपत्ति वगैरे कांहीं अपवाद ठेविले. डिसेंबर १९८४ मध्यें भोपाळ आणि एका वर्षानें, डिसेंबर १९८५ मध्यें, दिल्लींत विषारी वायु सुटल्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९८६ मध्यें तेही अपवाद धोकादायक कारखान्यांपुरते काढून टाकिले. परक्या देशाच्या नियमास आपल्या परिस्थितींत मुरड घालावी हें जें १८८७ सालीं म्हटलें होतें, त्याचा खरा उपयोग शंभर वर्षांनीं झाला असें म्हणावयास हरकत नाहीं.

वाक्पारुष्याविषयीं आपल्या मंडळींस एक सूचना द्यावीशी वाटते, कारण पुस्तकपरीक्षणांत लेखण्या फार तीक्ष्ण होतात. आजच्या दिवाणी कायद्यांत बदनामीच्या दाव्यास सत्य हें पुरतें उत्तर आहे. मनूचें मत तसें नाहीं: काण्याला काणा म्हणणें खरें असलें तरी निदान एक कार्षापण दंड.

आतां पोथीकडे वळूं. पुतण्यांचें म्हणणें टिकत नाहीं, कारण विश्वासघाताच्या गुन्ह्यास अप्रामाणिक हेतु लागतो. जुलै २०२४ पासून इंडियन पीनल कोडाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली तरी हें बदललेलें नाहीं. वाळवी लागावी अशी माझी इच्छा नव्हती. स्नेह्यांच्या म्हणण्यास मात्र मोठा आधार आहे. ठेव घेणाऱ्याच्या स्वतःच्या वस्तूंबरोबरच ठेवही नष्ट झाली तर ती ठेवणाऱ्याची गेली, असें नारदस्मृतींत आहे. पण निबंधकारांनीं कात्यायनाच्या नांवें दिलेल्या एका वचनांत याहून बारीक विवेक आहे: ठेव स्वतः उपभोगून संपविली तर व्याजासह द्यावी, उपेक्षेनें गेली तर तेवढीच द्यावी, अज्ञानानें गेली तर किंचित् कमी द्यावी. बुद्धिपूर्वक, हयगयीनें व नकळत अशा तीन पायऱ्या येथें स्पष्ट आहेत. दोन्हीं वचनांचा मेळ माझ्या मतें असा कीं, स्वतःची वस्तु बरोबर जाणें हा काळजी घेतल्याचा पुरावा आहे. उपेक्षा उघड दिसत असेल तर तो पुरावा पुरत नाहीं.

इंग्रजी कायद्यांतील हा भाग १७०३ च्या ब्रँडीच्या पिंपांच्या एका दाव्यापासून सुरू होतो. त्यांत कांहीं मोबदला न घेतां पिंपें वाहून नेणाऱ्यासही हयगयीबद्दल जबाबदार धरलें. त्याच विषयावर १७८१ सालीं निबंध लिहिणारे सर विल्यम जोन्स दोनच वर्षांनीं न्यायाधीश म्हणून कलकत्त्यास आले, आणि मनुस्मृतीचें त्यांचें भाषांतर १७९४ सालीं तेथेंच छापून निघालें. दोन्ही परंपरांची ओळख एकाच मनुष्याच्या टेबलावर झाली ती अशी. आज आपल्याकडे १८७२ च्या कराराच्या कायद्याचें १५१ वें कलम लागू आहे. तें कराराच्या कायद्यांत बसविलेलें असलें तरी विचार अपकृत्याचाच आहे. सामान्य विवेकी मनुष्य तशा प्रसंगीं आपल्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी, हें त्याचें माप. मी माझ्या पोथ्यांची किती काळजी घेतों हा प्रश्नच नाहीं. मी स्वतःच्या पोथ्यांबाबत गबाळा असेन, म्हणून दुसऱ्याच्या पोथीबाबत गबाळा राहण्याची मुभा मिळत नाहीं. भिंत ओली होते हें ज्याला ठाऊक आहे असा विवेकी मनुष्य तेथें पोथी ठेवणार नाहीं. मी ठेविली. सबब मी जबाबदार आहें.

जे पोथ्या उसन्या देतात त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, ठेव परत मिळविण्याचा दावा, मागणी केल्यावर नकार मिळाला त्या दिवसापासून तीन वर्षांच्या आंत लावावा लागतो. म्हणून देतांना पानांची संख्या, फाटलेलीं पानें व तारीख लिहून पावती घ्यावी आणि मागणीही पत्रानेंच करावी.

राहिला भरपाईचा प्रश्न. वस्तूची किंमत जितकी कमी झाली तितकी रक्कम हा कायद्याचा नियम. पण अकरा पानें गेलेल्या पोथीची किंमत सांगण्यास कोणी विक्रेता तयार होईना. शेवटीं मालकांच्या संमतीनें मीं दुसऱ्या एका हस्तलिखितावरून तीं पानें हातकागदावर लिहवून दिलीं, आणि वर कांहीं रक्कम दिली. ती त्यांनीं आपल्या संग्रहाच्या बासनांच्या कापडासाठीं लाविली. समासांतील टिपणें मात्र कोठेंच दुसरीकडे नव्हतीं. त्यांपैकीं दोन मीं पूर्वीं माझ्या वहींत उतरून घेतलीं होतीं. तीं नव्या पानांच्या समासांत, हें अक्षर माझें आहे असें खालीं नमूद करून, लिहून दिलीं आहेत.